आंतरजालावरचें दुकान आणि त्याचे पत्ते

दिवाळीच्या आधीं महिना-दीड महिना परदेशांतील एखाद्या मराठी घरीं संगणकावर चकलीचें चित्र उघडलें जातें, मागणी नोंदविली जाते, आणि पुण्याहून अगर सांगलीहून फराळाचा डबा विमानानें निघतो. हा व्यवहार आतां इतका रुळला आहे कीं त्यांत कोणास नवल वाटत नाहीं. परंतु त्या चित्राच्या वर, पडद्याच्या अगदीं माथ्यावर, अक्षरांची एक लांबट ओळ उमटलेली असते. तिजकडे लक्ष देणारा विरळाच. ती ओळ म्हणजे त्या पानाचा पत्ता. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास यूआरएल म्हणतात. तो पत्ता दुकानाच्या दाराशीं आला असतां कोणतें पान काढून द्यावयाचें, हें ठरविणारी जी व्यवस्था, तिला राउटिंग असें नांव आहे. मराठींत तिला मार्गयोजना म्हटल्यास अर्थाची हानि होणार नाहीं.

दुकान थाटणारा गृहस्थ रंगांची, चित्रांची आणि पैसे घेण्याच्या सोयीची चौकशी बारकाईनें करतो. मार्गयोजना मात्र कारागिराच्या मर्जीवर सोडून देतो. पुढें गिऱ्हाईक वाटेंत हरवतें, एकाची मागणी दुसऱ्याच्या दृष्टीस पडते, एकाच डब्याची नोंद दोनदां होते. मग दोष कोठें होता याचा शोध सुरू होतो, आणि तो पुष्कळदां ह्या दुर्लक्षित ओळीपाशींच येऊन थांबतो.

ह्या ओळीचें रूप आरंभींच लेखी नियमांत बांधलें गेलें. टिम बर्नर्स-ली, लॅरी मॅसिंटर व मार्क मॅकाहिल यांनीं संपादिलेले ते नियम डिसेंबर १९९४ मध्यें प्रसिद्ध झाले. पत्त्यांत प्रथम दळणवळणाची रीत, मग दुकानाचें नोंदलेलें नांव, त्यापुढें तिरप्या रेघांनीं तोडलेला मार्ग, आणि गरज असल्यास प्रश्नचिन्हापुढें किरकोळ सूचना, असा क्रम असतो. यांत एक मौज आहे. पाकिटावर पत्ता लिहितांना लहानाकडून मोठ्याकडे जाण्याचा आपल्याकडील प्रघात. आधीं माणूस, मग घर, मग पेठ, मग शहर. दुकानाच्या नांवाचा भागहि असाच असतो. त्याचा शेवटचा तुकडा सर्वांत व्यापक. परंतु पहिली तिरपी रेघ ओलांडली कीं दिशा उलटते. आतां मोठ्याकडून लहानाकडे जावयाचें: आधीं दालन, मग फळी, मग बरणी.

ही दुसरी रीत आपल्या टपालास परकी नाहीं. १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झालेला सहा आंकड्यांचा पिनकोड ह्याच तत्त्वावर उभा आहे. त्याचे योजक श्रीराम भिकाजी वेलणकर हे सरकारी अधिकारी तर होतेच, शिवाय संस्कृत कविहि होते. ४११०३० हा आंकडा घ्यावा. पहिला चार वाचतांच पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड ह्या मुलखाकडे वळतें. पहिले तीन आंकडे मिळून पुणें ठरतें. आणि शेवटचे तीन तें सदाशिव पेठेच्या कचेरींत आणून सोडतात. वर्गीकरण करणाऱ्यास मालकाचें नांव, वाड्याचें नांव, जिन्याखालची खोली, यांपैकीं कशाचीच माहिती लागत नाहीं. डावीकडून एकेक आंकडा वाचावा आणि पुढच्या खणांत टाकावें. मार्गयोजनेचें काम हेंच.

आंतरजालाच्या बाल्यावस्थेंत ह्या योजनेची गरज फारशी भासत नसे. त्या काळीं प्रत्येक पान ही कपाटांतील एक तयार फाईल असे, आणि पत्त्यांतील मार्ग म्हणजे त्या कपाटांतली जागा. परंतु तीनशें जिन्नस असलेल्या दुकानानें तीनशें पानें हातानें लिहून ठेवणें आणि प्रत्येक भाववाढीला तीं खोडून पुन्हां लिहिणें शक्य नाहीं. म्हणून आतां पान आधीं तयार नसतेंच. पदार्थाच्या पानाचा एक कोरा नमुना असतो. नांव, भाव, वजन, चित्र यांची नोंद वेगळ्या वहींत असते. आणि पत्ता आला कीं त्या क्षणीं दोहोंचा मेळ घालून पान उभें राहतें. अर्थात् पत्ता हा आतां कपाटांतली जागा सांगत नाहीं. तो एक विनंति आहे, आणि ती वाचून योग्य माणसाकडे देणारा कोणी द्वारपाल लागतो.

ह्या द्वारपालाच्या हातीं एक यादी असते. अशी यादी करण्याचीं साधनें अनेक आहेत. पण उदाहरणासाठीं जँगो हें घ्यावें, कारण त्याचा जन्म वाचकवर्गाला जवळचा वाटेल अशा जागीं झाला. अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत लॉरेन्स नांवाचें गांव आहे. तेथील वृत्तपत्राच्या कचेरींत २००३ सालीं एड्रियन होलोवटी व सायमन विलिसन ह्या दोघांनीं आपल्या रोजच्या कामासाठीं हें साधन घडविलें, आणि २००५ मध्यें तें सर्वांस खुलें झालें. जँगो राइनहार्ट ह्या गिटारवादकाचें नांव त्यास दिलेलें आहे. वृत्तपत्राच्या कचेरीची एक खूण त्यांत कायमची राहिली. बातमी तयार होत असतां तिला ओळखण्यापुरतें जें आंखूड नांव देतात त्यास तेथें स्लग म्हणतात. तोच शब्द आतां पत्त्यांत येणाऱ्या आंखूड, वाचतां येण्याजोग्या नांवासाठीं रूढ झाला आहे. 'पदार्थ' ही तिरप्या रेघेपुढची पहिली पायरी, आणि 'चकली' हा स्लग. (प्रत्यक्षांत हे शब्द बहुधा रोमन लिपींत लिहितात, येथें कानाला सोपें जावें म्हणून मराठींत दिले आहेत. त्या लिपीची कथा पुढें येईलच.)

यादी वाचण्याचा जँगोचा नियम साधा आहे. वरून खालीं एकेक ओळ पाहावयाची. जी ओळ प्रथम जुळेल तिच्या हवालीं पाहुणा करावयाचा, आणि तेथेंच थांबावयाचें. खालीं याहून चांगली ओळ असेल कीं काय, याचा विचार द्वारपाल करीत नाहीं. ह्या साध्या नियमांत नवशिक्याचा पाय हटकून अडकतो. समजा, यादींत वरची ओळ अशी: 'पदार्थ' आणि त्यापुढें कोणताहि स्लग. आणि तिच्या खालीं दुसरी ओळ: 'पदार्थ' आणि त्यापुढें 'नवीन', म्हणजे यंदा नव्यानें आलेल्या जिनसांची यादी. आतां 'पदार्थ/नवीन' असा पत्ता आला कीं वरचीच ओळ जुळते. द्वारपाल वहींत 'नवीन' नांवाचा पदार्थ शोधूं लागतो, तो अर्थातच सांपडत नाहीं, आणि गिऱ्हाइकाला '४०४, सांपडलें नाहीं' असा निरोप मिळतो. खालची ओळ अचूक असूनहि तिच्यापर्यंत पाळी येतच नाहीं. उपाय इतकाच कीं नेमक्या शब्दांच्या ओळी वर आणि मोघम ओळी खालीं. शाळेच्या प्रवेशाच्या दिवशीं शिपायानें 'जो येईल त्यास पहिलींत बसवावें' हा हुकूम आधीं वाचला, तर चौथीचीं मुलेंहि पहिलींत जाऊन बसतील. दोष मुलांचा नव्हे.

पायरीच्या जागीं काय चालेल तेंहि यादींत सांगावें लागतें. केवळ आंकडा चालेल कीं स्लग, कीं आणखी कांहीं. पूर्वीं हें सांगण्यासाठीं सांकेतिक चिन्हांची एक दुर्बोध भाषा वापरावी लागे. डिसेंबर २०१७ मध्यें निघालेल्या जँगोच्या दुसऱ्या मुख्य आवृत्तीपासून तेंच साध्या शब्दांत लिहितां येतें. आंकड्याच्या जागीं कोणी अक्षरें घातलीं तर ती ओळ जुळतच नाहीं, आणि निरर्थक चौकशी आंतील वहीपर्यंत पोंचत नाहीं.

आतां फराळाच्या दुकानाला ओळी किती लागतात? फार नव्हेत. दर्शनी पान, एकेका वर्गाचें पान, एकेका पदार्थाचें पान, टोपली, पैसे देण्याची जागा, गिऱ्हाइकाच्या मागण्यांची यादी व त्यांतील एकेक मागणी. नव्या दुकानदाराला मात्र प्रत्येक सोयीसाठीं स्वतंत्र मार्ग काढण्याचा मोह होतो: स्वस्तापासून महागापर्यंतचा एक मार्ग, बिनसाखरेचा दुसरा, पान दुसरें हा तिसरा. तें सर्व प्रश्नचिन्हापलीकडील सूचनांत घालावें. कारण वस्तु तीच आहे, केवळ मांडणी निराळी. जें हरवलें तर वस्तूच सांपडणार नाहीं तें मार्गांत, आणि जें हरवलें तरी वस्तु सांपडेल तें प्रश्नचिन्हापुढें, हा विवेक ठेवल्यास यादी लहान राहते.

पदार्थ वर्गाच्या आंत ठेवावा कीं बाहेर, यावर मात्र मतभेद आहे. 'फराळ/तिखट/चकली' असा मार्ग दिसावयास नीटनेटका वाटतो. परंतु चकली 'भेटीचे डबे' ह्या वर्गांतहि असते, आणि उद्यां 'भाजणीचे पदार्थ' असा नवा वर्ग निघाला तर तेथेंहि जाईल. मग एकाच चकलीचे तीन पत्ते होतात, आणि शोधयंत्राला ती तीन निरनिराळीं पानें वाटतात. ह्या घोटाळ्यावर तोड म्हणून फेब्रुवारी १९ च्या नव्हे, तर २००९ च्या फेब्रुवारींत गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट यांनीं मिळून एक खूण मान्य केली. पानाच्या आंत 'खरा पत्ता अमुक' असें तीमुळें नोंदवितां येतें. सोय चांगली आहे. तथापि ज्या घरास मुळांतच एक दार आहे त्यास अशी पाटी लावावी लागत नाहीं. पदार्थ वर्गाबाहेर ठेवावा, 'पदार्थ/चकली', हेंच अधिक शहाणपणाचें.

पत्ता बरोबर असला तरी तो कोणत्या रीतीनें आला हेंहि पाहावें लागतें. ब्राउझर दोन मुख्य रीतींनीं दार ठोठावतो. एकीचें नांव गेट, म्हणजे केवळ पाहावयास मागणें. दुसरीचें पोस्ट, म्हणजे कांहीं देऊन बदल घडवावयास सांगणें. पाहण्यानें वस्तूंत फरक पडतां कामा नये, हा गेटचा धर्म. तो मोडला तर काय होतें, याचा धडा मे २००५ मध्यें मिळाला. गूगलनें त्या महिन्यांत एक साधन काढलें. वाचक ज्या दुव्यावर पुढें बोट ठेवील असा तर्क असे तो दुवा तें आधींच उघडून ठेवी, हेतु हा कीं वाचकाचा वेळ वाचावा. पण कित्येक कारागिरांनीं आपल्या कामाच्या पानांवर 'ही नोंद पुसा' हेंहि साध्या गेटच्या दुव्यानेंच होऊं दिलें होतें. साधनानें ते दुवे निमूटपणें उघडले, आणि लोकांच्या नोंदी त्यांच्या समक्ष, त्यांनीं बोट न लावतां, पुसल्या गेल्या. साधनाची चूक म्हणावी, तर त्यानें दारांतून फक्त डोकावलें होतें. दुकानांत टोपलींत घालणें, टोपलींतून काढणें, मागणी रद्द करणें हीं सर्व कामें पोस्टनेंच झालीं पाहिजेत, आणि त्या ओळींवर गेटची विनंति आल्यास ती परतविली पाहिजे.

पोस्टचें एक उपकलम आहे. मागणी नोंदली गेली आणि त्याच पत्त्यावर 'आभारी आहों' असें पान दाखविलें, तर गिऱ्हाइकानें पान ताजें करतांच ब्राउझर विचारतो, तीच माहिती पुन्हां पाठवूं काय? घाईंत 'होय' म्हटलें जातें, आणि एकाऐवजीं दोन डबे निघतात. म्हणून मागणी नोंदतांच पान न दाखवितां गिऱ्हाइकास दुसऱ्या पत्त्यावर, गेटच्या रीतीनें, धाडावें. त्यासाठीं ३०३ क्रमांकाचें उत्तर राखून ठेवलेलें आहे. मग पान दहादां ताजें केलें तरी दहादां पाहिलें जातें इतकेंच.

ह्या सर्वांहून गंभीर प्रश्न मागणीच्या पत्त्याचा. पहिली मागणी १, दुसरी २, असा क्रम सहज सुचतो. मग 'मागणी/५१८' असा पत्ता ज्यास मिळाला त्यानें शेवटचा आठ खोडून सात केला कीं शेजारच्या घराचें नांव, राहण्याची जागा, दूरध्वनी आणि फराळाची यादी पुढ्यांत येते. ही कल्पनेंतली भीति नव्हे. मे २०१९ मध्यें अमेरिकेंतील फर्स्ट अमेरिकन ह्या, स्थावराच्या मालकीहक्काचा विमा उतरणाऱ्या, मोठ्या कंपनीच्या बाबतींत हेंच उघडकीस आलें. पत्त्यांतील आंकडा बदलला कीं दुसऱ्याचे कागद दिसत. कोणी ओळख विचारीत नसे. अशा रीतीनें उघडे पडलेले कागद सुमारें ८८ कोटि ५० लक्ष होते, आणि त्यांत बँकेचे खातेक्रमांक व कर्जाचे दस्तऐवजहि होते. पडद्यावर कोठेंहि दुवा नव्हता म्हणून तो मार्ग गुप्त आहे, अशी समजूत असावी असें दिसतें. परंतु पत्ता म्हणजे कुलूप नव्हे.

यावर इलाज दोन, आणि दोन्ही हवेत. पहिला असा कीं मार्ग जुळल्यावरहि, आलेला मनुष्य त्याच मागणीचा धनी आहे काय हें प्रत्येक वेळीं तपासावें. आणि नसल्यास 'तुम्हांस परवानगी नाहीं' असें न सांगतां 'सांपडलें नाहीं' एवढेंच सांगावें, म्हणजे ती मागणी अस्तित्वांत आहे हेंहि परक्यास कळत नाहीं. दुसरा, क्रमांकाऐवजीं छत्तीस चिन्हांची यदृच्छेनें काढलेली खूण वापरावी. तिला यूयूआयडी म्हणतात. तिचा शेजारी कोण हें तर्कानें काढतां येत नाहीं. ह्यांत धंद्याचाहि एक लाभ आहे. क्रमांक चढते असले तर प्रतिस्पर्ध्यानें सोमवारीं एक पाव किलो शंकरपाळे मागवावे आणि पुढच्या सोमवारीं आणखी एक. दोन आंकड्यांची वजाबाकी केली कीं आठवड्याची विक्री त्याच्या हातांत.

आतां लिपीची कथा. मराठी पदार्थाचें नांव पत्त्यांत मराठींतच असावें, ही इच्छा योग्यच आहे. २०१४ पासून तर नांवाच्या शेवटीं '.भारत' असें देवनागरींत घेण्याचीहि सोय झाली. परंतु मार्गाच्या मूळ नियमांत रोमन अक्षरें, आंकडे व थोडीं चिन्हें एवढ्यांनाच थारा आहे. देवनागरीचें प्रत्येक चिन्ह संगणकांत तीन अंशांनीं लिहिलें जातें, आणि पत्त्यांत एकेका अंशास शेकड्याची खूण व दोन वर्ण मिळून तीन जागा लागतात. 'चकली' ह्या शब्दांत च, क, ल आणि दीर्घ वेलांटी अशीं चार चिन्हें. त्यांचीं पत्त्यांत छत्तीस होतात. ब्राउझर तीं बहुधा सुबक करून दाखवितो, पण तोच पत्ता निरोपांत चिकटविला कीं शेकड्यांच्या खुणांची रांग पडते, आणि मावशीबाईंस तो कांहीं फसवणुकीचा प्रकार वाटतो.

याहून विलक्षण अडचण पुढें आहे. नांवावरून स्लग तयार करण्याचें एक यंत्र जँगोंत आहे. नेहमीच्या रीतीनें तें देवनागरी अक्षरें साफ गाळूनच टाकतें. परकी अक्षरें राहूं द्यावींत असें त्यास मुद्दाम सांगतां येतें खरें. पण तें ज्या कसोटीनें 'अक्षर' कोणतें हें ठरवितें त्या कसोटींत काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त हीं अक्षरें ठरत नाहींत, म्हणून तीं पुसलीं जातात. चिवड्याचा 'चवड' होतो, लाडूचा 'लड' होतो, चिक्कीचें 'चकक' होतें. आणि शेव ह्या पदार्थाची मात्रा गळाली म्हणजे काय उरतें, हें श्रोत्यांनींच मनांत वाचावें. दिवाळीच्या दुकानास तो शब्द शोभत नाहीं. म्हणून मराठी दुकानदारानें स्लग यंत्राकडून करवून न घेतां, प्रत्येक पदार्थाच्या नोंदींत स्वतः रोमन अक्षरांत लिहून ठेवावा हें बरें. श्रम थोडे आहेत, आणि एकदांच करावयाचे आहेत.

एकदांच, हा शब्द येथें महत्त्वाचा. पत्ते बदलूं नयेत असा आग्रह धरणारा एक निबंध बर्नर्स-ली यांनीं १९९८ मध्येंच लिहिला होता. दुकानदाराला त्याची किंमत उशिरां कळते. डब्याच्या वेष्टनावर जी काळ्या-पांढऱ्या चौकटींची छापील खूण असते तिच्यांतहि पत्ताच असतो. दहा हजार वेष्टनें छापून झाल्यावर 'पदार्थ' ऐवजीं 'जिन्नस' म्हणावें अशी लहर मालकाला आली, तर ती खूण भ्रमणध्वनीस दाखविणारा प्रत्येक गिऱ्हाईक भिंतीवर आदळतो. बदल अटळच असला तर दोन गोष्टी कराव्या. दुकानाच्या आंतील पानांत पत्ते हातानें लिहूं नयेत. यादींतल्या प्रत्येक ओळीस एक खाजगी नांव द्यावें आणि त्या नांवावरून पत्ता घडवून घ्यावा, म्हणजे यादींत एके ठिकाणीं फेर केला कीं सर्व दुवे आपोआप फिरतात. आणि बाहेरच्या जगासाठीं जुन्या पत्त्यांची वेगळी नोंद ठेवून त्यांवर ३०१ क्रमांकाचें उत्तर द्यावें; त्याचा अर्थ, बिऱ्हाड कायमचें हललें, नवा पत्ता हा. तात्पुरत्या बदलास ३०२ आहे. दोहोंची अदलाबदल केल्यास शोधयंत्रें जुनाच पत्ता धरून बसण्याचा संभव असतो.

राहिला प्रश्न हंगामाचा. अनारसे दिवाळीपुरतेच होतात; मग मार्गशीर्षांत त्यांच्या पत्त्याचें काय करावें? कित्येक दुकानें नोंद काढून टाकतात, आणि गेल्या वर्षींचा दुवा जपून ठेवलेल्या गिऱ्हाइकास ४०४ मिळतें. तसें करण्याचें कारण नाहीं. पान तसेंच राहूं द्यावें, भाव व टोपलीचें बटण काढावें, आणि अनारसे पुन्हां केव्हां सुरू होतील तें लिहावें. जो पदार्थ करणारी बाईच आतां काम सोडून गेली आणि जो पुन्हां होणार नाहीं, त्याच्या पत्त्यावर मात्र ४१० हें उत्तर असतें: येथें होता, आतां नाहीं. आणि ज्यांस ४०४ मिळालें अशा पत्त्यांची नोंद सर्व्हरवर आपोआप होत असते. ती आठवड्यांतून एकदां, रविवारीं सकाळीं चहाच्या वेळीं, मालकानें स्वतः वाचावी; कोणती वाट तुटली आहे तें त्या नोंदींत गिऱ्हाइकांनींच लिहून ठेवलेलें असतें.